प्रवासातल्या बागा : कोणत्या, केव्हा आणि कशा पाहाव्यात

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बागेच्या वाट्याला साधारण अर्धा तास येतो. श्रीनगरला एका दुपारी तीन मोगल बागा उरकल्या जातात. म्हैसूरला वृंदावन गार्डन म्हणजे संध्याकाळची कारंजी, आणि बंगळुरूच्या लालबागेत काचघरासमोर फोटो काढून झाले की बस पुढे निघते. किल्ला, देऊळ, संग्रहालय पाहायला वेळ लागतो हे आपल्याला पटलेलं आहे. बाग मात्र पाय मोकळे करायची जागा ठरते. त्यामुळे प्रवासातल्या फार चांगल्या गोष्टीला आपण मुकतो, असं मला मनापासून वाटतं.

पाणी कुठून येतं, मातीत काय रुजतं, सत्ता कोणाची होती आणि आज ही जागा कोणाची आहे, या चार प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी मिळतील अशी जागा बागेखेरीज क्वचितच सापडते. म्हणून बागेला अर्धा दिवस द्यावा, आणि ती निवडताना फुलांच्या जोडीला हे चार प्रश्नही विचारात घ्यावेत. या लेखात देशातल्या आणि परदेशातल्या काही सार्वजनिक बागांचा आढावा त्याच क्रमाने घेतला आहे.

पाण्यावर उभ्या बागा

सुरुवात काश्मीरपासून करणं रास्त. जहांगीर बादशहाने १६१९ मध्ये शालिमार बाग वसवली. नूरजहानचा भाऊ आसफखान याने १६३३ मध्ये दल सरोवराच्या काठी निशात बाग केली. झबरवान डोंगराचा उतार आणि त्यावरून येणारं पाणी हे या बागांचं मूळ भांडवल. पाणी मधल्या पाटातून एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उतरत येतं आणि वाटेत कारंजी उडवत जातं. हे सगळं उताराच्या जोरावर चालावं अशीच त्यांची रचना केलेली होती.

निशातमध्ये एका गोष्टीपाशी थांबून पाहावं. वरच्या ओट्यावरून पाणी खाली पडतं तिथे दगडाची तिरपी फरशी बसवलेली असते. तिला चादर म्हणतात. तिच्यावर लाटांसारखी, खवल्यांसारखी नक्षी खोदलेली असते. गुळगुळीत दगडावरून पाणी नुसतं ओघळून गेलं असतं. या खाचांवर आपटलं की ते फेसाळतं, उन्हात पांढरंशुभ्र दिसतं आणि खळाळतं. थोडक्या पाण्यातून भरपूर पाण्याचा थाट उभा करायची ही कारागिरी आहे. जवळ जाऊन नक्षीच्या खाचा पाहिल्या की कारागिराने दगड कोणत्या हिशेबाने खोदला असेल ते डोळ्यांना कळतं.

निशातमध्ये बारा ओट्यांची चढण आहे. पूर्वी लोक तिथे होडीने येत आणि सरोवरातून थेट बागेच्या पायथ्याशी उतरत. पुढे काठाने रस्ता झाला आणि बाग पाण्यापासून तुटली. म्हणून जमेल त्याने शिकाऱ्यातून जावं, खालून वर चढावं आणि सर्वांत वरच्या ओट्यावर पोहोचल्यावरच मागे वळून सरोवर पाहावं. बाग आखणाऱ्याच्या मनात हाच क्रम होता. चंडीगडजवळच्या पिंजौर बागेत नेमकं उलटं आहे. तिथे माणूस वरच्या ओट्यावर प्रवेश करतो आणि सात टप्पे उतरत जातो. एकाच परंपरेतल्या या दोन बागा एका प्रवासात पाहिल्या, तर जमिनीने आराखडा कसा ठरवला ते लक्षात येतं.

यासाठी दरवेळी उत्तरेत जायला हवं असंही नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहणारे बहुतेक जण घुमटाकडे पाहत सरळ चालत जातात. पाटांनी चार भागांत विभागलेली त्या भोवतालची चारबाग हाच त्या वास्तूचा अर्धा अर्थ आहे. दिल्लीत हुमायूनच्या कबरीभोवतीची चारबाग २००३ मध्ये दुरुस्त होऊन तिच्या पाटांतून पुन्हा पाणी वाहू लागलं. ती पाहून आलेल्या माणसाला मकबऱ्यातले पाट वेगळे दिसतील.

पाण्याचा आणखी एक विचार जपानी बागांमध्ये आहे. ओकायामा शहरातलं कोराकुएन हे जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. तिथल्या सरदार घराण्याने १७०० च्या सुमारास ती पूर्ण केली. विस्तीर्ण हिरवळ, तळं, वळणं घेत जाणारा ओहोळ आणि या सगळ्याच्या मध्ये भाताचं छोटं खाचर व चहाची लागवड असा तिचा मांड आहे. पलीकडचा ओकायामाचा किल्ला बागेच्या हद्दीत नाही, पण वाटा अशा काढल्या आहेत की तो बागेचाच भाग वाटावा. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलेलं आहे, आणि ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’ या नावानेही ते ओळखलं जातं. दहा एकरांच्या त्या बागेत आखलेल्या वाटेनेच चालावं लागतं. मुलांना हिरवळीवर धावता येत नाही म्हणून आपल्याकडे कुरकुर होते. पण वाटेच्या प्रत्येक वळणाला दृश्य बदलेल अशी ती रचना असल्याने वाट सोडली तर बागच हातची जाते. ओकायामाला जाणं सगळ्यांना जमणार नाही. पुण्याला जाणाऱ्याने मात्र सकाळचा एक तास तिथे जरूर काढावा.

रोपांचे प्रवास

दुसरा प्रकार वनस्पती उद्यानांचा. सहलीला निघालेली माणसं ती सर्वाधिक टाळतात, आणि सर्वांत जास्त गोष्टी त्यांच्याकडेच असतात.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठाने १५४५ मध्ये औषधी वनस्पतींची बाग केली. ती आजही मूळ जागीच आहे. रोपांची चोरी होऊ लागली म्हणून काही वर्षांतच तिच्याभोवती गोल भिंत घालावी लागली, इतकी त्या रोपांना किंमत होती. तिथे १५८५ मध्ये लावलेलं एक ताडवर्गीय झाड अजून जिवंत आहे. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये ते पाहून गेला आणि पुढे १७९० मध्ये त्याने वनस्पतींच्या रूपांतरावर आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या झाडाला आज गटेचंच नाव आहे.

याच काळातला एक धागा थेट गोव्यापर्यंत येतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात राहत होता. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. भारतातल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपात लिहिलेलं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञाने १५६७ मध्ये त्याचं संक्षिप्त लॅटिन रूपांतर काढलं आणि आपल्याकडची औषधं युरोपभर माहीत झाली. पुढे हाच क्लुसियस हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या बागेचा प्रमुख झाला आणि त्याने तिथे ट्युलिपचे कंद लावले. हॉलंडच्या ट्युलिपवेडाचं मूळ त्या वाफ्यांपर्यंत शोधलं जातं. पणजीत चर्चसमोरच्या चौकातली पालिकेची बाग गार्सिया द ओर्ताच्या नावाने आहे. पर्यटक चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि बागेकडे पाठ फिरवून जातात. हॉलंडला ट्युलिप पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाने आधी पणजीच्या त्या बाकड्यावर थोडा वेळ बसावं, असं मला वाटतं.

कोलकात्याला हुगळीच्या पलीकडच्या काठावर, हावड्यात शिबपूरला, कर्नल रॉबर्ट किड याने १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी बाग सुरू केली. साग आणि मसाल्याची पिकं यांच्या लागवडीतून कंपनीचा फायदा हा उद्देश होता. पुढे विल्यम रॉक्सबर्गने तिथूनच भारतातल्या वनस्पतींच्या अभ्यासाचा पाया घातला. आज ती आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखली जाते. शंभरहून अधिक हेक्टर पसरलेल्या या बागेत लोक जातात ते वडासाठी.

तो वड नीट पाहायला हवा. झाड अडीचशे वर्षांहून जुनं मानलं जातं. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांचे तडाखे त्याला बसले, खोडाला बुरशी लागली आणि अखेर १९२५ मध्ये मूळ खोड कापून काढावं लागलं. झाड मेलं नाही. हजारो पारंब्या तोवर जमिनीत रुजून स्वतःच खोडं झाल्या होत्या. आज तिथे उभं राहिलं की समोर एक अख्खं बन दिसतं, आणि ते सगळं एकच झाड असतं. त्याच्याभोवती रस्ता काढला, तर झाड तोही ओलांडून पुढे गेलं. माळ्यांनी नवीन पारंब्यांना आधार द्यायला बांबूच्या पोकळ नळ्या बसवलेल्या दिसतात. पारंबी त्या नळीतून सुखरूप जमिनीपर्यंत पोहोचते. २०२० च्या अंफन वादळात या वडाचं पुन्हा नुकसान झालं, आणि तरी तो वाढतोच आहे. कोलकात्याला चार दिवस राहूनही हा वड न पाहता परत येणं ही मोठीच चुकामूक म्हणायला हवी.

अशा बागांमागे साम्राज्याचा हिशेब होता, हे विसरून चालणार नाही. उटीची सरकारी बाग १८४८ मध्ये विल्यम मॅकआयव्हर याच्या हाताखाली आकाराला आली. पुढे त्याच मॅकआयव्हरकडे निलगिरीतल्या सिंकोनाच्या लागवडीची जबाबदारी आली, कारण मलेरियाशी झगडणाऱ्या राज्यकर्त्यांना क्विनाइन हवं होतं. रबराची गोष्ट याहून मोठी आहे. ब्राझीलहून रबराचं बी १८७६ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये आलं आणि तिथली रोपं १८७७ मध्ये सिंगापूरच्या बागेत पोहोचली. झाड न मारता चीक काढायची पद्धत हेन्री रिडली याने त्याच बागेत बसवली. मलायाभर रबराचे मळे उभे राहिले ते त्यातून. सिंगापूरची ही बाग १८५९ ची असून २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत ती खुली असते, आणि ऑर्किडचा विभाग सोडला तर आत जायला तिकीट नाही. बागेहूनही जुन्या जंगलाचा सहा हेक्टरांचा तुकडा तिने शहराच्या मधोमध जपून ठेवला आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचं कर्स्टनबॉश उद्यान १९१३ मध्ये सुरू झालं, ते स्थानिक वनस्पतीच जोपासायच्या या निश्चयाने. टेबल माउंटनच्या पायथ्याशी, तिथल्याच मातीतली झुडपं-फुलं तिथे पाहायला मिळतात. त्याच बागेत रानबदामाच्या कुंपणाचा एक अवशेष आहे. डच वसाहतवाल्यांनी मूळच्या खोइखोइ पशुपालकांना बाहेर ठेवण्यासाठी १६६० मध्ये ते लावलं. ते कुंपण आजही हिरवं आहे. झाडं लावून माणसांना दूर कसं ठेवलं जातं, ते त्या हिरव्या ओळीसमोर उभं राहिल्यावर समजतं.

लोकांच्या बागा

राजाची किंवा कंपनीची बाग पुढे लोकांसाठी उघडली, तशा काही बागा पहिल्यापासून लोकांसाठीच केल्या गेल्या. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये सार्वजनिक पैशातून खुलं झालं. ते पाहून प्रभावित झालेल्या फ्रेडरिक ओल्मस्टेडने कॅल्व्हर्ट वॉक्सच्या साथीने न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं. १८५८ मध्ये त्याचा पहिला भाग उघडला. ८४३ एकरांची ही बाग शहराच्या श्रीमंत-गरीब सगळ्यांना एका हिरवळीवर आणेल, ही तिच्यामागची कल्पना थोर होती. पण त्यासाठी तिथे राहणाऱ्या सुमारे सोळाशे लोकांना हलवण्यात आलं. त्यांत सेनेका व्हिलेज ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, स्वतःची घरं आणि चर्च असलेली वस्ती होती. आज तिथे त्या वस्तीची माहिती देणारे फलक आहेत. ते वाचूनच पुढे जावं.

दिल्लीचं लोधी गार्डन याच जातीचं. सय्यद आणि लोदी सुलतानांच्या कबरींभोवती खैरपूर नावाचं गाव होतं. ते हलवून १९३६ मध्ये लेडी विलिंग्डन पार्क उभं राहिलं, आणि स्वातंत्र्यानंतर त्याचं लोधी गार्डन झालं. ९० एकरांच्या या बागेला तिकीट नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या घुमटांखाली लोक डबे उघडून बसतात, म्हातारी माणसं फेऱ्या मारतात, पोरं अभ्यास करतात. पुरातन वास्तू आणि रोजचं जगणं इतकं सहज एकत्र नांदताना देशात फार थोड्या ठिकाणी दिसेल. हुमायूनच्या कबरीशेजारची सुंदर नर्सरी २०१८ मध्ये जनतेसाठी खुली झाली. नवी दिल्ली वसवताना रस्त्यांच्या कडेला कोणती झाडं तगतील याचे प्रयोग त्या रोपवाटिकेत झाले होते. आज तिथे तिकीट आहे, पण देखभाल, झाडांवरच्या नावांच्या पाट्या आणि स्वच्छतागृहं पाहिली की त्या पैशाचं काय होतं ते दिसतं.

वडोदऱ्याच्या सयाजीबागेकडे मराठी प्रवाशाने आपुलकीने पाहावं. गायकवाडांच्या राज्यात, विश्वामित्रीच्या काठी १८७९ मध्ये ही बाग झाली. बागेतच संग्रहालय आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये क्यूमध्ये काम केलेल्या गुस्ताव क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला बडोद्यात आणलं. तो पुढे उटीला आणि तिथून म्हैसूर संस्थानात गेला आणि लालबागेचा कर्ता पुरुष ठरला. बंगळुरूच्या रस्त्यांवर वर्षाच्या प्रत्येक महिन्यात कुठलं तरी झाड फुललेलं असावं, असा क्रम त्याने लावला. बंगळुरूची आजची फुललेली ओळख बऱ्याच अंशी त्याची, आणि त्याला भारतात आणणाऱ्या बडोद्याचीही आहे.

चंडीगडचं रॉक गार्डन यांतल्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. नेकचंद या रस्ते-निरीक्षकाने सरकारी जागेवर, कोणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या यांतून आपली दुनिया उभी केली. ती उघडकीला आल्यावर पाडली जाण्याची भीती होती. प्रशासनाने समंजसपणा दाखवला आणि १९७६ मध्ये ती लोकांसाठी उघडली. सामान्य माणसाने सार्वजनिक जागेला दिलेलं याहून मोठं देणं मला माहीत नाही.

रोषणाईच्या बागा

धरणाखालची बाग हा आपल्या देशात लोकप्रिय झालेला प्रकार. म्हैसूरजवळ कृष्णराजसागराखाली दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने वृंदावन गार्डन झालं, ते १९३२ मध्ये. शालिमारच्या ओट्यांचा आदर्श समोर होता, क्रुम्बिगेलचाही त्यात हात होता. त्याच धर्तीवर आपल्याकडे जायकवाडीखाली पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान झालं. एका पिढीच्या शाळांच्या सहली तिथे गेल्या आणि पुढे देखभालीअभावी त्याला वाईट दिवस आले. रंगीत दिवे आणि संगीत कारंजी यांवरच बाग उभी असली की यंत्र बंद पडताच बागही बंद पडते, हा पैठणचा धडा आहे. झाडांच्या सावलीवर उभी असलेली बाग वाईट काळातही तग धरते.

याचा अर्थ नवं आणि झगमगीत ते टाकाऊ, असा नाही. सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बेमध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर २५ ते ५० मीटर उंचीचे पोलादी वृक्ष उभे आहेत आणि त्यांच्या अंगावर खऱ्या वेली व रोपं वाढतात. कॅनडातली बुचर्ट गार्डन्स सिमेंट कारखान्याने खणून टाकलेल्या चुनखडीच्या खाणीत उभी राहिली. उजाड झालेली जमीन पुन्हा हिरवी होऊ शकते हे दाखवणाऱ्या बागेला शंभर गुन्हे माफ आहेत. कसोटी एकच लावावी. दिवे मालवल्यानंतरही तिथे पाहण्याजोगं काही उरतं का?

हंगाम आणि वेळ

बागेच्या बाबतीत चुकीच्या महिन्यात जाणं म्हणजे जवळजवळ न जाणंच. श्रीनगरचं ट्युलिप उद्यान २००७ पासून खुलं आहे आणि त्याचा बहर मार्चअखेरीपासून एप्रिलमध्ये जेमतेम तीन-चार आठवडे टिकतो. शालिमार-निशातमधल्या चिनारांचा तांबूस रंग पाहायचा तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध गाठावा. हॉलंडचं कोइकेनहॉफ मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडं असतं. तिथे दरवर्षी सुमारे सत्तर लाख कंद लावले जातात. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहता येतं. प्रवेश विनामूल्य असला तरी ऑनलाइन नोंदणी आधी केलेली बरी. लालबागेची पुष्पप्रदर्शनं प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरतात, उटीचं मेमध्ये.

प्रदर्शनाच्या दिवसांत गर्दीही तितकीच असते. फुलांचे ताटवे पाहायचे असतील तर तेव्हा जावं. बाग पाहायची असेल तर ते दिवस टाळावेत. लालबागेतला तो प्रचंड खडक सुमारे तीन अब्ज वर्षं जुना असून राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. प्रदर्शनाच्या गर्दीत त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही. साध्या दिवशी सकाळी त्याच्यावर चढून शहर पाहता येतं.

हिवाळ्यातल्या, फुलं नसलेल्या बागेलाही आपलं सौंदर्य असतं. कानाझावाच्या केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून माळी पाइन वृक्षांना दोर बांधायला घेतात. झाडाच्या मधोमध उंच बांबू उभा करतात आणि त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीपर्यंत एकेक दोर ताणतात, म्हणजे बर्फाच्या भाराने फांदी मोडत नाही. दोरांचे ते शंकू पाहायला लोक मुद्दाम येतात. माळ्याचं कामच जिथे प्रेक्षणीय ठरतं, अशी ती बाग आहे.

वेळेबाबत एकच नियम पुरेसा आहे. दार उघडताच आत जावं. त्या वेळी गावातली माणसं बागेत असतात, उजेड कोवळा असतो आणि माळी कामाला लागलेले असतात. सकाळी स्थानिक लोक ज्या बागेत फिरायला येतात ती बाग जिवंत, ही माझी खूणगाठ अजून चुकलेली नाही.

पाहायचं कसं

पहिलं, सगळी बाग पाहायचा हट्ट सोडावा. शिबपूर किंवा क्यूसारखी बाग एका फेरीत पाहून होत नाही. एक कोपरा निवडावा आणि तो पुरता पाहावा. दुसरं, झाडांवरच्या पाट्या वाचाव्यात. आपल्याकडच्या गोरखचिंचेचा मूळ देश आफ्रिका आणि अंगणातल्या गुलमोहराचा मादागास्कर, हे अशा पाट्यांवरूनच कळतं. तिसरं, माळ्याशी बोलावं. हे झाड कधी फुलतं, याला पाणी किती लागतं, असं विचारलं की ते आपुलकीने सांगतात. माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टी हाती लागतात त्या अशा.

चौथं, सोबतच्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करून बाग निवडावी. ओट्यांच्या बागांत पायऱ्या फार असतात. सपाट वाटा, बाकडी आणि स्वच्छतागृह असलेल्या बागेत आजी-आजोबांचा दिवस सुखाचा जातो. पाचवं, फूल तोडू नये, खोडावर नावं कोरू नयेत, ताटव्यात शिरून फोटो काढू नयेत. चिनारासारखं झाड कित्येक पिढ्या जगतं, आणि त्याच्या सालीवर कोरलेलं नावही त्याच्याबरोबर जगतं.

आपल्या गावची बाग

बाहेरच्या बागा पाहिलेल्या डोळ्यांनी घरची बाग पाहणं, हा या प्रवासाचा खरा लाभ. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये उघडली. मुलांना घेऊन लोक तिथे पेंग्विन पाहायला जातात. पण पन्नासहून अधिक एकरांत तीन हजारांवर झाडं असलेली ती मुंबईतली जुनी वनस्पती बाग आहे. बागेच्या पुनर्विकासात या झाडांवर गदा येईल असं दिसलं, तेव्हा नागरिकांनी पाठपुरावा करून तिच्या वारशाचा प्रश्न ऐरणीवर आणला. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे, तोही त्याच फेरीत पाहावा. पुण्याची ३९ एकरांची एम्प्रेस गार्डन तिथल्या जुन्या वृक्षांसाठी कोणत्याही ऋतूत पाहण्याजोगी आहे, आणि जानेवारीतलं तिचं पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या पिढ्यांनी पाहिलेलं आहे. धारावीजवळ मिठी नदीकाठी जिथे शहराचा कचरा टाकला जाई, त्या ३७ एकरांवर झाडं लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. बुचर्टच्या खाणीचं कौतुक करणाऱ्याने धारावीचं हे वन पाहिलेलं असायलाच हवं.

या सगळ्या बागा टिकल्या त्या कोणी तरी त्यांच्यासाठी पैसा, पाणी आणि माळी यांची तरतूद पिढ्यान्‌पिढ्या करत राहिल्यामुळे. आपल्या शहरांत बागेसाठी राखलेल्या जागा अतिक्रमणात जातात किंवा फरशा आणि पुतळे यांनी भरून टाकल्या जातात, कारण तिथे झाडंच हवीत असं पुरेशा लोकांनी मागितलेलं नसतं. पुढच्या सहलीची आखणी करताना एका बागेसाठी सबंध सकाळ राखून ठेवा. आणि परतल्यावर आपल्या प्रभागातल्या बागेत जा. तिथे किती माळी आहेत, पाणी कुठून येतं, झाडांवर पाट्या आहेत का, हे पाहा. नसतील तर नगरसेवकाला आणि पालिकेच्या उद्यान विभागाला लेखी विचारा.